एकशे पंचवीसचे एकशे पाच

चार वर्षांपूर्वी याच दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. अमेरिकेतल्या एका कारखान्यात जाऊन मी तिथल्या कामाचा वेग कसा वाढवला, याची ती हकीकत होती. आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात तिघांनी मला थांबवून हात मिळवला. एका काकूंनी तर ते पान कापून मुलाच्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवल्याचं सांगितलं. त्या काकू हे वाचत असतील तर त्यांना विनंती आहे की ते पान काढून टाकावं. त्या लेखामागची एक संख्या खोटी होती आणि बाकीचा सगळा लेख त्या एका संख्येवर उभा होता.

आधी माझा धंदा सांगतो, कारण आमच्या घरातसुद्धा तो नीट कोणाला कळलेला नाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांना काम करताना बघायचा पगार घेतला. याला टाइम स्टडी म्हणतात. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पाटी, पाटीला कागद आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. कामगाराच्या बाजूला उभं राहायचं आणि तो एक नग किती सेकंदांत तयार करतो ते लिहायचं. असे तीस-चाळीस नग मोजले की सरासरी निघते.

एवढंच असतं तर हे काम कोणीही केलं असतं. पण माणूस बघणाऱ्यासमोर कधीच सरळ काम करत नाही. म्हणून वेळेशेजारी आणखी एक रकाना असतो, रेटिंगचा. शंभर म्हणजे शिकलेला माणूस दिवसभर करू शकेल ती चाल. संध्याकाळी घरी गेल्यावर पोरांशी दोन शब्द बोलण्याइतका जीव शिल्लक ठेवून. कोणी रेंगाळला तर त्याला ऐंशी द्यायचे, कोणी जिवावर उदार होऊन पळाला तर एकशे वीस. एकशे पंचवीसच्या वेगाने कोणी साठ सेकंदांत नग केला, तर नियमाप्रमाणे सगळ्यांना त्या नगासाठी पंच्याहत्तर सेकंद मिळतात. ही संख्या कुठल्याही घड्याळात दिसत नाही. ती बघणाऱ्याच्या डोळ्यात असते. डोळा खोटा निघाला तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही खोटं.

माझी पहिली नोकरी भोसरीला होती. तिथे लेथवर शिंदे म्हणून एक वयस्कर कामगार होते. मी घड्याळ घेऊन उभा राहिलो की शिंदेमामांच्या हातून पाना पडायचा. ते वाकून उचलायचे, फडक्याने पुसायचे, उजेडात धरून बघायचे. एकदा मी चिडून म्हणालो, "मामा, एवढं पुसून काय त्याची आरती करणार आहात?"

"साहेब," ते म्हणाले, "घड्याळ खिशात घाला, मग गंमत बघा."

मी घातलं. त्यांनी तोच नग अर्ध्या वेळात काढून माझ्या हातात गरम गरम ठेवला.

"मग मोजताना का नाही करत असं?"

"घड्याळाला वेग दाखवायचा नसतो, साहेब. एकदा दाखवला की ते रोज मागतं."

"अहो, पण मी रेटिंग लावतो ना! तुम्ही पळालात तर ते वजा होतं. तुमचं नुकसान होत नाही."

शिंदेमामांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना रांगणाऱ्या पोराच्या हातची पावती दाखवतोय. "तुम्ही लावाल हो," ते म्हणाले. "तुमच्यानंतरचा लावेल कशावरून?"

तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. मनात म्हटलं, मी काही तसा नाही.

पुढे मी सिंगापूरला आलो. इथल्या एका कंपनीत माझे वरिष्ठ होते कोह. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, त्यामुळे वरिष्ठ कमी आणि भांडायला सोबती जास्त. आमच्या कंपनीने ओहायोमधला एक जुना कारखाना विकत घेतला होता. तिथे दाब मोजायचे गेज बनत. बॉयलरवर, पंपावर तबकडी आणि काटा असलेलं गोल घड्याळासारखं दिसतं ना, ते. कोह म्हणाला, "जाऊन मोजून ये. वीस वर्षं तिथे कोणी मोजलंच नाही ला." इथल्या माणसांच्या वाक्याला शेपटीसारखा हा 'ला' असतोच.

म्हणजे उलटी वरात होती बघा. अमेरिकेचे साहेब आपल्याकडे मोजायला यायचे, ते दिवस मी बघितलेत. आता भोसरीचा माणूस सिंगापूरहून अमेरिकेला मोजायला निघाला होता. मला त्याची ऐट वाटली. मागच्या लेखात त्या ऐटीवर दोन परिच्छेद आहेत.

कारखान्यात काटे बसवायच्या टेबलावर बारा बायका होत्या. त्यांची म्होरकी डार्लीन. अठ्ठावन्न वर्षांची, उंच, हसली की शेडचा पत्रा हलेल अशी. माझ्या गळ्यातलं स्टॉपवॉच बघून ती ओरडली, "मुलींनो, डॉक्टर आला! कोणाचं काय दुखतंय ते सांगा!" तेव्हापासून मी तिथे 'डॉक'.

काटा बसवणं दिसायला सोपं वाटतं. काटा दांडीवर ठेवायचा, हलक्या हातोडीने टोला द्यायचा, दाब सोडून शून्यावर येतो का बघायचं. टोला जास्त लागला तर आतली केसासारखी स्प्रिंग दुखावते. डार्लीन टोला दिल्यावर तबकडीवर नखाने टकटक करायची आणि कान लावायची. काटा नीट बसला नसेल तर आवाजावरून तिला कळायचं. हे नख कुठल्याही कार्यपद्धतीच्या कागदावर नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बोलणं एकाच विषयावर यायचं. घरभाडं किती वाढलं, अंडी किती महाग झाली, कोण गाडीत अर्धीच टाकी भरतं. डार्लीनची शाळेपासूनची मैत्रीण टॅमी शेजारच्या खुर्चीवर बसायची. ती स्वस्त मिळेल तेव्हा पाव घेऊन फ्रीजरमध्ये भरून ठेवायची. "माझ्या फ्रीजरमध्ये आता पावच राहतो," ती म्हणायची. "मी भाडेकरू आहे." सगळ्यांना एकच भीती होती. नवी कंपनी आली, आता कायमच्या जागा काढून एजन्सीची रोजंदारीची माणसं आणतील. तिथे नोकरी गेली की पगाराबरोबर आजारपणाचा विमाही जातो. हे मला त्याच टेबलावर कळलं.

मी मांसाहार करत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांनी मिळून जेवण आणलं. टॅमीने घेवड्याच्या शेंगांचं भांडं पुढे सरकवलं. मी विचारलं, "यात मांस नाही ना?"

"मुळीच नाही," टॅमी म्हणाली. "फक्त बेकन आहे."

मी त्या दिवशी मका, पाव आणि तीन प्रकारचे केक जेवलो.

तिसऱ्या दिवशी मोजणी सुरू केली आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदा मला पळणारे कामगार दिसत होते! कोणाचा पाना पडत नव्हता, कोणी फडकं शोधत नव्हतं. बाराच्या बारा जणी मान खाली घालून हात चालवत होत्या. टॅमीच्या कपाळावर घाम होता. डार्लीन तर नखाची टकटकसुद्धा अर्धी करत होती. त्यांना वाटत होतं की ही परीक्षा आहे. सिंगापूरच्या माणसाला आपला वेग दिसला की कारखान्यातल्या जागा वाचतील.

भोसरीतल्या कुठल्याही नवख्या पोराने ही चूक केली नसती. आणि मला ती दिसत होती. डार्लीनच्या खुर्चीपासून मी दोन हातांवर उभा होतो. शिंदेमामांचं एक वाक्य तिच्या कानात सांगायला किती वेळ लागला असता? मी नाही सांगितलं. मनाची समजूत घातली, की रेटिंगने भरून काढू. कच्च्या कागदावर मी एकशे पंचवीस लिहिले आणि त्याभोवती गोल केला.

तीन दिवसांची मोजणी संपल्यावर संध्याकाळी हॉटेलवर बसून आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायला लागलो. एकशे पंचवीस घेईना. लाल अक्षरं आली: एकशे दहाच्या वर रेटिंग मान्य नाही. कोहला फोन केला.

"सिस्टिम घेत नाही तर खालचं घाल ला," तो म्हणाला. "अमेरिकन लोक तगडे असतात. तुला वेगवान वाटलं असेल."

"कोह, त्यांना घाम फुटलाय."

"उद्या दुपारी माझी मीटिंग आहे."

मी एकशे दहासुद्धा घातले नाहीत. एकदम मर्यादेवरची संख्या संशयास्पद दिसते, म्हणून एकशे पाच घातले. खोटं लिहितानासुद्धा ते नीटनेटकं दिसावं, ही सवय.

पंच्याहत्तर सेकंदांच्या जागी त्रेसष्ट आले. तासाला अठ्ठेचाळीस गेजऐवजी सत्तावन्न. तीन दिवस जीव तोडून दाखवलेला वेग त्या बायकांना रोज, आठ तास, जवळजवळ पूर्ण दाखवायला लागणार होता. आकडा गाठला नाही तर इशारा. तीन इशाऱ्यांनंतर घरी. सहा महिन्यांत टेबलावरच्या बारांपैकी नऊ जणी गेल्या. त्यात टॅमी गेली, डार्लीन गेली. त्यांच्या जागी एजन्सीची माणसं आली. ती दोन महिन्यांवर टिकत नव्हती, पण महिन्याच्या अहवालात ते दिसत नव्हतं.

मला काचेचं मानचिन्ह मिळालं. ते वजनदार आहे. माझी बायको सुनंदा पनीर दाबायला वापरते. मग मी तो लेख लिहिला आणि पुढच्या वर्षी निवृत्त झालो.

डार्लीनचे निरोप मात्र थांबले नाहीत. दर दिवाळीला फोनवर एक चित्र यायचं, 'हॅपी दिवाली, डॉक.' आता ती सकाळी शाळेची बस चालवते आणि दुपारी एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसते. "बसमधली पोरं मला रोज नवी शिवी शिकवतात," असं लिहायची. तिने एकदाही विचारलं नाही, की तो सत्तावन्नचा आकडा आला कुठून. मी दर वेळी दोन दिव्यांचं चित्र उलट पाठवायचो. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगायचो.

हे असंच चाललं असतं. पण या वर्षी आषाढीनंतर एका रविवारी आमचा मुलगा मिहिर जेवायला आला. तो बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही क्लेमेंटीला राहतो, म्हणजे दोन स्टेशनांचं अंतर, पण तो महिन्यातून एकदा उगवतो. जेवताना म्हणाला, "बाबा, ऑफिसमध्ये नवीन टूल लावलंय. कोण किती काम करतं ते आपोआप मोजतं. पहिले दोन आठवडे नुसतं बघणार, मग टार्गेट ठरणार. सध्या नोकऱ्यांचं काही खरं नाही, म्हणून मी पण दाखवून दिलं! पहिल्याच आठवड्यात दुप्पट काम संपवलं."

माझ्या हातातला घास खाली पडला. "अरे गाढवा! हळू!"

सुनंदा दचकली. "अहो, मुलगा काम करतो म्हणून कोणी शिव्या देतं का?"

"त्यात रेटिंगचा रकाना आहे का?" मी मिहिरला विचारलं.

"कसला रकाना?"

"तू पळत होतास हे वजा करणारा."

"नाही बाबा. मशीन आहे ते."

म्हणजे तिथे खोटं लिहायलासुद्धा माणूस उरला नव्हता. मी त्याला शिंदेमामांचं वाक्य सांगितलं. तो हसला, पण दुसऱ्या आठवड्यात त्याने दोन दिवस रजा टाकली. मुलाला जे मी घास टाकून सांगितलं, ते दोन हातांवर बसलेल्या डार्लीनला सांगितलं नव्हतं. जेवण झाल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिने ताटं तशीच राहू दिली. मग म्हणाली, "तो कागद आहे का?"

कागद होता. कच्चा कागद, एकशे पंचवीस, भोवती गोल. स्टॉपवॉचच्या डबीत घडी करून ठेवलेला. खोटं सिस्टिममध्ये गेलं होतं, पण खरं मला फेकवलं नव्हतं.

आमच्या धंद्यात मोजणीच्या कागदावर दोन सह्या लागतात. मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. एक सही असलेला कागद म्हणजे रद्दी. म्हणून मी कोहला बोलावलं. तो वुडलँड्सहून एवढ्या लांब एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, आला आणि क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या दुकानांच्या मंडईत, बसताच इथल्या कॉफीवरून कुरकुरला, "कोपी तू पाजणार. इथली माझ्याकडच्यापेक्षा महाग आहे ला."

मी कागद पुढे ठेवला. त्याने चष्मा लावला, काढला.

"हे कशाला उकरतोस? आपण दोघे म्हातारे झालो."

"एकशे दहाची मर्यादा सिस्टिममध्ये कोणी घातली होती, कोह?"

त्याने कोपी ढवळली. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळली. "मी."

"बदलायला किती वेळ लागला असता?"

"दोन मिनिटं. पण फॉर्म भरायला लागतो. फॉर्मवर कारण लिहायला लागतं. कारण लिहिलं की वरून प्रश्न येतात." त्याने कप बाजूला सारला आणि कागद जवळ ओढला. "त्यांना खरंच घाम फुटला होता?"

"टॅमीच्या कपाळावरून तबकडीवर पडत होता. ती पुसायची आणि पुढचा नग घ्यायची."

कोहने समोरच्या दुकानातल्या नूडल्सवाल्या बाईकडून पेन मागून आणलं. "तारीख तेव्हाची घालू की आजची?"

"आजची. आता एकही खोटं नको."

त्याने सही केली, तारीख घातली. मग म्हणाला, "याचा कंपनीला काही फरक पडणार नाही, माहीत आहे ना?" माहीत होतं. तरी मी एक प्रत कंपनीला पाठवली. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर तासाभरात आलं. ते कोणी माणसाने लिहिलेलं नव्हतं.

डार्लीनला मी शनिवारी सकाळी फोन केला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. सुनंदा शेजारी बसली होती, मी मध्येच हवापाण्यावर जाऊ नये म्हणून. मी एका दमात सगळं सांगितलं. रेटिंग म्हणजे काय, मी काय पाहिलं, काय लिहिलं, काय भरलं. बोलून झालं.

"डॉक," ती म्हणाली, "तू येण्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्या मुलींना सांगितलं होतं, जीव खाऊन पळा. या गावाचे हात काय आहेत ते त्याला दाखवा."

"मला अंदाज होता."

"मग सत्तावन्न आले. टॅमी म्हणाली, तूच पळायला लावलंस, तूच आमच्या नोकऱ्या घालवल्यास. चार वर्षं झाली. ती माझ्या घरासमोर राहते डॉक, आणि माझ्याशी बोलत नाही. मला दिसली की कचऱ्याचा डबासुद्धा परत आत नेते. आणि मला वाटायचं, बरोबरच आहे तिचं."

मी इतकी वर्षं स्वतःच्या खोटेपणाचं ओझं वाहत होतो आणि त्यात थोडं कौतुकही करून घेत होतो, की बघा, मला किती वाईट वाटतं. माझ्या गप्प बसण्याचं खरं ओझं तिसरीकडेच कोणी उचललं होतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

"डार्लीन, ऐक," मी म्हणालो. "कामगार पळाला तर त्याचं नुकसान होऊ नये, एवढ्यासाठीच रेटिंग असतं. तुम्ही पळालात हे वजा करणं माझं काम होतं. त्याचाच मला पगार होता. तुमचं काहीही चुकलं नाही."

"हे लिहून देशील?"

"लिहिलंय. दोन सह्या आहेत."

मूळ कागद मी कुरियरने पाठवला. सोबत एक पानभर पत्र, टॅमीला कळेल अशा भाषेत. मग तीन आठवडे काही नाही. चौथ्या शनिवारी सकाळी मी चहा पीत असताना व्हिडिओ कॉल आला.

चर्चचं तळघर होतं. लांब टेबल, भांडी, सात-आठ ओळखीचे चेहरे, केस पांढरे झालेले. मधोमध डार्लीन आणि तिच्या खांद्यावर हात टाकून टॅमी. समोर केक, त्यावर निळ्या साखरेत भला मोठा १२५.

"अंडी महाग आहेत, तरी चार घातलीत," डार्लीन ओरडली. हसणं तेच, पत्रा हलेल असं.

"शेंगा आहेत तुझ्यासाठी," टॅमी म्हणाली. "बेकन नाही. तू नाहीस म्हणून खाणार कोणी नाही." मग तिने कागद कॅमेऱ्याला लावला. "आणि हे काय आहे? सगळ्यांना मिळून एकशे पंचवीस? माझे वेगळे किती होते ते सांग. या बाईपेक्षा मी वेगवान होते."

"टॅमी, तुझे एकशे वीस होते. डार्लीनचे एकशे तीस."

तळघरात जो गोंधळ झाला तो क्लेमेंटीत शेजाऱ्यांनी ऐकला असेल. टॅमी म्हणत होती, डोळे तपासून घे डॉक. डार्लीन टेबलावर नखाने टकटक करून कान लावत होती आणि म्हणत होती, बरोबर बसलाय, काटा बरोबर बसलाय. नोकऱ्या काही परत आल्या नाहीत. टॅमी अजून दोन ठिकाणी काम करते, फ्रीजरमध्ये अजून पावच राहतो. पण त्या दिवशी दोघी एकाच गाडीने आल्या होत्या.

आरडाओरडा जरा शांत झाल्यावर डार्लीन कॅमेऱ्याजवळ आली. "एक राहिलं, डॉक. एक फोन करायला तुला चार वर्षं लागली. त्याला रेटिंग किती?"

मी हाताशी होता त्या कागदावर आकडा लिहिला आणि त्यांना दाखवला. पंचवीस.

"भरपूर दिलेस!" टॅमी म्हणाली. "आणि दुसरी सही कुठे आहे? एका सहीचा कागद रद्दी असतो, तूच लिहिलंस पत्रात."

सुनंदा माझ्या मागे उभी राहून बघत होती. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, पंचवीस खोडले, वीस लिहिले आणि खाली सही केली.